सडका चालेल, पण जिवंत हवा

बोरिवलीच्या मंडईत कांदेबटाटेवाल्यांच्या रांगेत आमच्या सरांना सगळे ओळखायचे, आणि ते येताना दिसले की निम्मे जण तोंड फिरवायचे. कारण सर कांदा वरून बघायचेच नाहीत. उलटा करायचे. बुडाशी वाळलेल्या मुळांची जी चकती असते तिच्यावरून अंगठा फिरवायचे, चष्मा कपाळावर चढवून ती डोळ्याजवळ न्यायचे, कधी हुंगायचेसुद्धा, आणि दहातले नऊ परत ढिगात टाकायचे. "काका, एक नंबर माल आहे, बघा तरी," असं कोणी म्हणालाच तर उत्तर ठरलेलं. "माल छान आहे हो, पण मेलेला आहे. मला सडका चालेल, पण जिवंत पाहिजे."

एका नव्या गाळेवाल्याने चिडून त्यांना खरंच एक सडका कांदा दिला, फुकट. सरांनी तो रुमालात गुंडाळला आणि मनापासून आभार मानले. बाटलीतल्या पाण्यावर ठेवल्यावर आठवड्याने त्याला पांढरीशुभ्र मुळं फुटली, तेव्हा ती दाखवायला ते बाटलीसकट परत मंडईत गेले. गाळेवाल्याने हात जोडले. सरांना वाटलं तो कांद्याला जोडतोय.

हे सगळं मी मागे पिशवी धरून उभा राहून बघितलंय. त्या बाजूच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी परिचर होतो. परिचर म्हणजे बाटल्या धुणारा, काचा पुसणारा, बेसिन तुंबलं की हात घालणारा. त्यातून हंगामी. आंब्यालाही हंगाम असतो, पण तो बिचारा ठरलेल्या महिन्यात तरी येतो. माझी ऑर्डर कधी जूनमध्ये यायची, कधी गणपती उरकल्यावर. सहा वर्षं असं चाललं होतं, आणि ज्या वर्षाचं मी सांगतोय त्या वर्षी मला कायम करण्याची फाइल एकदाची प्राचार्यांच्या टेबलापर्यंत चढली होती. ऑफिसातल्या हेडक्लार्कने मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "सही होईपर्यंत काही लफडं करू नकोस. एक मेमो आला ना, तर फाइल खाली. मग बस अजून सहा वर्षं."

चारकोपला आमच्या खोलीत ही बातमी आईला सांगितली तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. पण माझं नेमकं काम काय ते तिच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. वडील गिरणीत होते, त्यांचं काम तिला कळायचं. धागा निघायचा, कापड निघायचं. माझ्या कामातून काय निघतं? "कांद्याक मुळां फुटतत ती बघूक तुका ठेवल्यानी?" असं ती शेजारणींसमोर विचारायची. मी हो म्हणायचो, कारण खरंच तसंच होतं.

कांद्याच्या मुळाच्या टोकाला, अर्ध्या तांदळाएवढ्या जागेत, पेशी सारख्या एकाच्या दोन होत असतात. ते टोक सकाळी आठ-नऊच्या सुमारास कापायचं, औषधात बुडवून जिथल्या तिथे थांबवायचं, दुसऱ्या दिवशी लाल रंगात रंगवायचं, काचेवर ठेवून अंगठ्याने दाबायचं आणि भिंगाखाली धरायचं. मग गुणसूत्रं दिसतात. कुठे मधोमध रांगेत उभी, कुठे दोन बाजूंना निघालेली, ज्याला पुस्तकात ॲनाफेज म्हणतात. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण "वॉव" म्हणतो, आणि सर प्रत्येक वेळी खिन्न व्हायचे.

"अहो, वॉव काय? गाडा दिसला तुम्हाला. बैल कुठे दिसले?"

विद्यार्थ्यांना ते अहो म्हणायचे, अठरा वर्षांच्या पोरालासुद्धा. मला दुसऱ्या दिवसापासून तू. मी तो माझा मान समजत असे.

बैल म्हणजे ती गुणसूत्रं ओढणाऱ्या सूक्ष्मनलिका. सर त्यांना दोर म्हणायचे. इतके बारीक की आमच्या कॉलेजच्या भिंगातून ते दिसणं शक्यच नव्हतं. त्यासाठी मोठी यंत्रं लागतात, आणि आमच्याकडे पंखा बदलायलाही अर्ज लागायचा. सरांचं सगळं प्रेम ह्या न दिसणाऱ्या दोरांवर. ते समजावताना त्यांचा चेहरा माझ्याकडे वळायचा, कारण वर्गातल्या बाकी कोणी गावचं घर बघितलेलं नसायचं.

"समजा, घरात लग्न निघालंय. मांडवाला सामान नाही. काय कराल? घराचेच वासे काढायचे! एरवी हे दोर पेशीला आतून वेढे घालून बसलेले असतात, आकार सांभाळत. विभाजनाची वेळ आली की सगळे सोडवायचे. तुकडे सुटे करायचे. आणि त्याच तुकड्यांचा अंगणात मांडव घालायचा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. लग्न लागलं की मांडव मोडायचा, आणि त्याच वाशांची दोन घरं."

एकदा एका मुलीने विचारलं, "सर, पण वासे काढल्यावर घर पडत नाही का?"

सर खुर्चीतून उठले. "तुमची आजची हजेरी दोनदा लावतो," म्हणाले, आणि लावलीही. नंतर ऑफिसात त्यावरून केवढा गोंधळ झाला. उत्तर असं की कांद्याच्या पेशीला बाहेरून पक्की भिंत असते, म्हणून पडत नाही. आपल्या पेशींना ती नसते, म्हणून त्या वेळेपुरत्या खरंच गोल गोळा होऊन बसतात. मुलीचं समाधान झालं. सरांचं नाही. त्यांचं घोडं पुढच्या एका गोष्टीवर कायम अडलेलं असायचं. वासे काढता काढता थोडे दोर पेशीच्या कमरेशी गोळा होतात, पट्टा बांधल्यासारखे. थोड्या वेळाने तो पट्टाही नाहीसा होतो. आणि सगळं उरकल्यावर मधली नवी भिंत येते ती बरोब्बर त्या नसलेल्या पट्ट्याच्या जागी.

"गवंडी दोरी ताणून खूण करतो, ठीक आहे. पण त्याला खूण दिसते! इथे पुसलेली आहे. मग भिंतीला कळतं कसं?"

सर खिडकीबाहेर बघायचे. समोर एका जुन्या सोसायटीचा टॉवर होत होता, चार वर्षं होतच होता. "मलाही अजून नीट माहीत नाही," असं ते म्हणायचे, आणि हे सांगताना ते इतके खूश दिसायचे की मला हेवा वाटायचा. माहीत नसल्याचा आनंद होणारा माणूस मी तरी दुसरा बघितलेला नाही. मला काही माहीत नसलं की मला घाम फुटतो.

दोर दिसत नाहीत तर निदान हाताला लागावेत म्हणून वर्षातून एकदा ते कॉरिडॉरमध्ये प्रॅक्टिकल घ्यायचे. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी मी चारकोपहून आणायची. दोन-दोन मुलांना पाठीला पाठ लावून ओढणीने बांधायचं, ती झाली गुणसूत्रं. कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना बाकीची मुलं, डोळ्यांना रुमाल, हातात टोकाला फास केलेल्या दोऱ्या. टाकायच्या. "लागला? धरून ठेवा. नाही लागला? गुंडाळा, परत टाका. दोर असाच चाचपडतो, त्याला डोळे नाहीत." आणि जोपर्यंत प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंचा दोर लागत नाही तोपर्यंत कोणी ओढायचं नाही. एक जोडी राहिली तरी सगळ्यांनी थांबायचं. एकदा त्या गोंधळात प्राचार्य राउंडला आले, आणि एक फास थेट त्यांच्या मनगटात पडला.

"सर, हलू नका," आमचे सर ओरडले. "तुम्हाला एकाच बाजूचा दोर लागलाय."

"मला मीटिंग आहे."

"असेल. पण असेच गेलात तर चुकीच्या घरात जाल."

दुसऱ्या टोकाची मुलगी नेमबाजीत कच्ची होती. चौथ्या फेकीला तिचा दोर प्राचार्यांच्या खांद्यावर पडला तोपर्यंत ते तसेच उभे, एक हात वर. सरांनी दोन्ही बाजूंनी दोर हलकेच ताणून बघितले आणि मान डोलावली. "आता ताण आला. ताण आला की पेशीला कळतं, सगळं जागेवर आहे."

"मला चोवीस तास ताणच असतो," प्राचार्य म्हणाले आणि मीटिंगला गेले. सर त्यावर दोन दिवस विचार करत होते की ह्यांना विषय कळला की नाही.

सर मुलुंडला राहायचे आणि बसने यायचे, डाव्या पायात खिडकी कापलेला बूट घालून. खरंच खिडकी. अंगठ्याच्या जागचं चामडं त्यांनी ब्लेडने चौकोनी कापलेलं होतं, कारण त्यांना गाऊट होता. अंगठा सुजला की चादरीचा स्पर्श सहन व्हायचा नाही. त्यावर ते ज्या गोळ्या घ्यायचे त्यांच्यातलं औषध कॉल्चिसिन, आणि गंमत म्हणजे ते ह्याच दोरांवर चालतं. दोराचे सुटे तुकडे ते एकमेकांना जोडूच देत नाही. सर दुपारच्या जेवणानंतर गोळी जिभेवर ठेवायचे आणि मला म्हणायचे, "बघ, गेले माझे वासे." सदाफुलीतही असंच दोर अडवणारं औषध निघतं आणि ते कॅन्सरवर देतात, म्हणून कंपाउंडमधल्या सदाफुलीला ते येताजाता नमस्कार करायचे. नवीन वॉचमनला वाटायचं की झाडाखाली कुठलं तरी देऊळ होतं.

तेच औषध त्यांनी प्रयोगशाळेसाठी मागितलं तेव्हा ऑफिसातून अर्ज परत आला. ते विष आहे, दोन कुलपांचं कपाट असल्याशिवाय मिळणार नाही. सरांनी अर्ज वाचला, खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "कधीतरी करून बघू," एवढंच मला म्हणाले.

त्यांच्या शिकवण्यात एक नियम होता आणि तो ते दगडावर कोरल्यासारखा पाळायचे. दिसलं ते काढा. पुस्तकातली आखीवरेखीव आकृती उतरवली की शून्य. एका मुलाने काचेखालचा हवेचा बुडबुडा इमानदारीत काढला आणि खाली 'हे काय ते माहीत नाही' असं लिहिलं, त्याला दहापैकी सात. एका मुलीने स्वतःची पापणी काढली होती. सहा. आणि जे कागदाला तेच तोंडाला. सर खोटं बोलायचे नाहीत. चांगुलपणा म्हणून नव्हे, त्यांना ते जमायचंच नाही. प्राचार्यांच्या मिसेसने करून पाठवलेल्या करंज्या कशा झाल्या असं विचारल्यावर "कडक" म्हणून मोकळे होणारा माणूस. ह्या सवयीपायी किती जण त्यांच्यावर रुसले ह्याची गणती नाही, आणि शेवटी माझाही नंबर लागला.

तृतीय वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा गुरुवारी होती. बारा मुलं. सरांनी दोन कांद्यांना मुळं आणली होती, दोन लोणच्याच्या बाटल्यांवर. सोमवारी दुपारी मला ऑफिसात कपाटं लावायला बोलावलं, आणि तेवढ्यात सरांनी आपलं सगळं गोळ्यांचं पाकीट कुटून त्यातल्या एका बाटलीत विरघळवलं. परीक्षा झाली की मुलांना गंमत दाखवायची होती. मी प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावतो. सर कधीच लावायचे नाहीत, त्यांना बाटल्या चेहऱ्याने आठवायच्या. ती बाटली त्यांनी बेसिनमागे ठेवली, दुसरी खिडकीतच राहू दिली, आणि घरी गेले. नवीन पाकीट आणायचं अर्थात विसरले. मंगळवारी अंगठा टम्म. बुधवारी, म्हणजे ज्या सकाळी मुळं कापायची त्या सकाळी, सर मुलुंडला उशीवर पाय ठेवून पडलेले.

मी फोन केला. "सर, कापू?"

"काप. आठ वाजून गेले ना? चांगली बघून काप." आणि मग एक कळ आली असावी, कारण फोन बंद झाला.

चांगली बघून काप. खिडकीतल्या कांद्याची मुळं मी बघितली. बारीक, केसासारखी, अशक्त पोरासारखी. मग बेसिनमागचा कांदा बघितला. वा! काय मुळं होती ती! टोकं जाडजूड, गुटगुटीत, मोगऱ्याच्या कळीसारखी फुगलेली. सहा वर्षांत अशी मुळं मी बघितली नव्हती. पाणी जरा गढूळ वाटलं, पण म्हटलं कांद्याचंच असेल. मला इतका आनंद झाला की कापताना मी शीळ घालत होतो. कळकट हंगामी माणूस, पण मुळं कशी निवडावी हे ह्याला विचारा! बारा मुलांना पुरतील एवढी टोकं कापली, औषधात घातली, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली. 'परीक्षा'.

गुरुवारी सर लंगडत आले, खिडकीच्या बुटातसुद्धा पाय मावत नव्हता म्हणून एका पायात स्लिपर. बाहेरून परीक्षक म्हणून एक बाई आल्या होत्या. तरुण, कडक, सगळं वेळेवर. मुलांनी काचा तयार केल्या, भिंगाला डोळे लावले. दहा मिनिटांनी पहिला हात वर.

"सर, माझ्याकडे सगळं विखुरलेलं दिसतंय."

"मग विखुरलेलं काढा," सर जागेवरूनच म्हणाले.

दुसरा हात. "सर, माझंपण." तिसरा. "सर, रांग नाहीच कुठे. नुसते पडलेत." सर प्रत्येकाला तेच सांगत होते आणि मुलं निमूट काढत होती. परीक्षक बाई एकेका भिंगात वाकून बघू लागल्या. चौथ्या टेबलाशी त्यांच्या कपाळावर आठी आली, आठव्याशी दुसरी.

"सर, तुमच्या बारा मुलांपैकी एकालाही ॲनाफेज सापडत नाही? अहो, निम्मे मार्क त्याचे आहेत."

आता सर उठले. पहिल्या भिंगात बघितलं. दुसऱ्यात बघितलं. मग लंगडता पाय विसरून ते टेबलांमधून पळायला लागले, ह्याला बाजूला कर, तिला बाजूला कर, आणि शेवटच्या टेबलावर त्यांनी जोरात थाप मारली. भर परीक्षेत.

"झकास!"

हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता. "बाई, बघा तरी! मांडव नाही! वऱ्हाड आलंय, वासे सुटे झालेत आणि मांडव घालायला कोणी नाही! जो तो जिथल्या तिथे पडलाय. आयुष्यभर मी हे दोर तोंडाने सांगत आलो हो. आज पहिल्यांदा दिसले. नाहीत म्हणून दिसले!"

मी बेसिनपाशी उभा होतो. बेसिनमागची बाटली, गढूळ पाणी, कचऱ्याच्या डब्यात दिसलेलं सरांचं रिकामं पाकीट, सगळं एकदम माझ्या डोक्यात जुळलं. वाट लागली. फाइल प्राचार्यांच्या टेबलावर, आणि मी बारा मुलांच्या परीक्षेत विष कालवलेलं.

बाई मात्र वाटल्या तेवढ्या कठोर नव्हत्या. त्यांनी सरांची हकीगत ऐकली, दोन भिंगांत परत बघितलं, आणि प्रश्नच बदलला. प्रत्येकाला बोलावून विचारलं, हे असं का झालं? पहिल्या वर्षापासून काठावर पास होत आलेला एक मुलगा होता. तो म्हणाला, "मॅडम, घराचे वासे काढले, पण तुकडे जोडताच आले नाहीत, म्हणून मांडव झाला नाही. मग ओढणार कोण?" बाईंनी त्याला आठ दिले. मुलं सुटली. माझा जीव जरा भांड्यात पडला.

तेवढ्यात बाईंनी कागद पुढे ओढला. "पण मटेरियल चुकलं हे मला अहवालात लिहावं लागेल. ही मुळं कोणी कापली?"

मी सरांकडे बघितलं. ते बाईंना पेन शोधायला मदत करत होते. पेन सापडलं, टोपण काढून बाईंच्या हातात दिलं, आणि बोट माझ्याकडे केलं.

"ह्याने."

त्या क्षणी सर मला आवडले नाहीत. सरळ सांगतो, त्या क्षणी त्यांच्या सुजलेल्या अंगठ्यावर पाय द्यावासा वाटला. सहा वर्षं ज्यांच्या पिशव्या उचलल्या, ज्यांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या, त्यांना एक "माझ्याकडून झालं" म्हणता आलं नाही? आणि अर्धं ते खरंही होतं! घरी येऊन सांगितलं तर आईने पोळी तव्यावरच ठेवली. "एकदा खोटां बोलले आसते तर काय जीभ झडली आसती तेंची?" पोळी करपली.

शुक्रवारी दोघांनाही तिसऱ्या मजल्यावर बोलावणं आलं. लिफ्ट दुरुस्तीला होती. सरांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि आम्ही चढायला लागलो. एकेका पायरीला त्यांचं सगळं वजन माझ्यावर येत होतं आणि मी रागाने ताठ झालो होतो. ते मध्येच थांबून धापा टाकायचे, मी भिंतीकडे बघायचो. ते दोरांबद्दल काहीतरी बोलत होते.

प्राचार्यांपुढे दोन कागद होते. बाईंचा अहवाल आणि माझी फाइल. "चूक कोणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन चुका आहेत," सर म्हणाले आणि न विचारताच बसले, पाय पुढे लांब करून. "औषध मी घातलं आणि बाटलीवर लिहिलं नाही. चांगली बघून काप, असंही मीच सांगितलं. ती चूक माझी, मला मेमो द्या. आणि ती मुळं उचलली ही चूक ह्याची."

"म्हणजे ह्यालाही मेमो."

"थांबा, पूर्ण ऐका. औषधाने मुळांची टोकं सुजतात. किती? मोहरी आणि खसखस ह्यात असतो तेवढा फरक. ह्याच्या आधी दोन जण येऊन गेले माझ्याकडे, चांगले शिकलेले. त्यांना दोन्ही कांदे सारखेच दिसले असते, त्यांनी खिडकीतला कापला असता आणि परीक्षा सुरळीत झाली असती. ह्याला फरक दिसला. का आहे ते कळलं नाही, कारण मी लिहिलं नव्हतं. पण दिसला. ही चूक करायला डोळे लागतात, साहेब. ती ह्याचीच आहे. ती मी माझ्या नावावर घेणार नाही आणि दुसऱ्या कोणाला देणारही नाही."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला ह्याला वाचवायचंय की अडकवायचंय? मला कळत नाहीये."

"मला हा कायमचा पाहिजे," सर म्हणाले. "मी दोन वर्षांनी जाईन. मुलांना जिवंत कांदा आणून देणारं कोणीतरी मागे राहायला नको का?"

पंखा कुरकुरत होता. मग प्राचार्यांनी बाईंचा अहवाल सरांच्या नावाच्या फाइलमध्ये लावला, माझी फाइल पुढे ओढली, आणि पेन चालेना म्हणून दुसरं मागितलं. सही करताना ते माझ्याकडे एकदाही बघत नव्हते. मी मात्र पेनाच्या टोकावरून नजर हलवली नाही, पूर्ण नाव उमटेपर्यंत.

उतरताना दुसऱ्या मजल्यावर सर पायरीवरच बसले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मी त्यांच्यासमोर खाली बसलो, स्लिपर काढली आणि तो लालबुंद पाय मांडीवर घेतला. काल ह्याच अंगठ्यावर पाय द्यावासा वाटला होता, आणि आता त्याला हात लावायचीही भीती वाटत होती. मला रडू येत होतं आणि ते लपवायला मला काही जमलं नाही.

"सर, मी तुमचे आभार कसे..."

"आभार कसले?" ते खरोखर गोंधळले होते. "मी तुझ्यासाठी खोटं बोललो असतो तर मानायचेस. मी तर फक्त काय झालं ते सांगितलं."